डागाला आधी नाव विचारा

कपडे वापरून विरतात, त्याला इलाज नाही. पण चांगले धडधाकट कपडे डाग काढायच्या घाईत बाद होतात, आणि तो उद्योग आपण स्वतःच्या हातांनी करतो. पाडव्याआधीच्या आवराआवरीत तर हमखास. रंगपंचमीचे सदरे बादलीत भिजत पडलेले असतात. त्यांच्यावर येऊन पडतो लग्नाच्या पंगतीत बसून आलेला झब्बा, मुलाचा शाई लागलेला गणवेश, तेलकट पिवळे झालेले उशांचे अभ्रे. सगळं एकत्र, कढत पाणी, मूठभर पावडर, वरून ब्लीच. निघायचं ते निघतं. राहिलं ते जन्माचं राहतं.

हे थांबवा. डाग दिसला की पहिला प्रश्न एकच: हा कशाचा आहे?

तेल, रक्त, चहा, हळद, गंज. यांचं एकमेकांशी काही नातं नाही, मग उपाय एक कसा असेल? रक्त, दूध, अंडं यांत प्रथिनं असतात. कढत पाण्यात ती गोठतात आणि धाग्याला घट्ट धरून बसतात. त्यांना गार पाणी लागतं. डाग ओला असेल तर नुसत्या नळाखाली, कापडाच्या उलट्या बाजूने धार सोडली तरी बराचसा निघून जातो. मग एन्झाइम असलेली पावडर, कोमट पाणी, अर्धा तास भिजवण. तेलाचं नेमकं उलटं. गार पाणी त्याला शिवतही नाही. त्यावर आधी कोरडं बेसन किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरा, ती तेल ओढून घेईल. झटकून टाका, भांडी घासायच्या पातळ साबणाचा थेंब बोटाने जिरवा आणि कापड सोसेल तेवढं गरम पाणी घाला. गंजाच्या डागावर ब्लीच ओताल तर तो आणखी पक्का होईल. त्याला लिंबू, मीठ आणि ऊन द्या, नंतर स्वच्छ पाण्यातून काढा.

चहाला नुसतं ‘चहाचा डाग’ म्हणून भागत नाही. चहातलं टॅनिन आम्लाने सुटतं, म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर सुचवतात, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या चहात दूध असतं. म्हणजे आधी गार पाणी, मग आम्ल, मग साबण. बिनदुधाच्या चहासाठी लिहिलेले उपाय आपल्या चहाला जसेच्या तसे लावले की अर्धाच डाग निघतो.

आता हळद. मराठी घरात जितके डाग पडतात त्यातले बहुतेक हिचेच, आणि सर्वांत जास्त कपडे हिच्यापायी टाकून दिले जातात, तेही विनाकारण. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. पंगतीत बसल्याबसल्या ओल्या रुमालाने डाग चोळला की तो पसरतो तो यामुळे. शिवाय आमटीचा डाग एकट्या हळदीचा कधीच नसतो, फोडणीचं तेल बरोबर आलेलं असतं. म्हणून आधी तेल काढायचं, रंगाच्या मागे नंतर लागायचं.

साबण लावताच पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा होतो. इथे माणसं घाबरतात आणि ब्लीचची बाटली उघडतात. घाबरू नका. साबणातला खार लागला की कर्क्युमिनचा रंग बदलतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून काढा, तांबडेपणा जाऊन पिवळा परत येतो. आता खरं औषध: ऊन. कर्क्युमिन उजेडात तुटतं. पांढऱ्या सुती सदऱ्याच्या खिशाखाली मटकीच्या उसळीचा थेंब पडला होता, समजा. तो नीट धुऊन, ओला असतानाच, डाग उन्हाकडे करून दोरीवर टाका आणि मधूनमधून बघत राहा. आधी मधला भाग फिका पडतो. मग कडा. दुपार कलेपर्यंत एखादी बारीक पिवळी रेघ उरते, आणि ती जिथे उरली तिथेच तेल राहून गेलेलं असतं. तेवढ्यावर पुन्हा साबणाचा थेंब आणि पुन्हा ऊन. चैत्राच्या तोंडावरच्या उन्हात जो सदरा मोकळा होतो, तो आषाढात पंख्याखाली वाळवला असता तर पोतेऱ्यात गेला असता. रंगीत कपड्याला मात्र इतकं ऊन सोसत नाही, आणि रेशमाला तर अजिबात नाही.

एक गोष्ट पाठ करून ठेवा. डाग पूर्ण निघेपर्यंत इस्त्री नाही. आमच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला डाग असलेला शर्ट गठ्ठ्यातून वेगळा काढतो, डागावर बोट ठेवतो आणि परत देतो. इस्त्री बसली की हा जाणार नाही, आधी धुऊन आणा, एवढंच त्याचं म्हणणं. महागड्या लाँड्र्यांत पैसे घेऊन डागासकट कडक इस्त्री करून देतात. या माणसाला कापड कळतं.

कोकणाच्या डागांची जात वेगळी. कोकम, जांभूळ, करवंद यांचा रंग आम्लात लाल असतो आणि साबण लागला की निळसर-काळपट होतो. हाही रंगबदलच आहे, कापड बिघडलं असं नव्हे. आधी भरपूर पाणी, मग लिंबू, साबण सगळ्यात शेवटी. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग मात्र वाळला की हटत नाही. त्याला उपाय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, बोंडं गोळा करायला जुनेर घालूनच जा. आणि बिब्बा! परीट कपड्याच्या कोपऱ्यात खूण करायचे ती बिब्ब्याच्या तेलाने, कारण ती भट्टीतूनही जात नाही. कुठला डाग निघत नाही हे ज्याला नेमकं माहीत होतं, त्यानेच ते ज्ञान खुणेसाठी वापरलं. एवढी समज एका धंद्यात साठलेली असताना आपण ती मोलाची मानली नाही, याचं मला वाईट वाटतं.

बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर चालतं, त्यातल्या अल्कोहोलमुळे. कापडाखाली जुना पंचा ठेवा आणि वरून टिपा, चोळू नका. शर्टाच्या कॉलरवरचा मळ म्हणजे अंगाचं तेल, त्याला स्वस्तातला शाम्पू पुरतो. बगलेतला पिवळेपणा घाम आणि डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून होतो. त्यावर ब्लीच लावलं तर तो वाढतो, कमी होत नाही. नीळ घातल्याने पांढरा कपडा पांढरा दिसतो, स्वच्छ होत नाही. पिवळेपणावर निळी छटा चढते, इतकंच.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून घर चकाचक करायचे व्हिडिओ सध्या प्रत्येक फोनवर फिरताहेत. फसफसतं छान. पण आम्ल आणि सोडा भेटले की एकमेकांना मारतात, वायू उडून जातो आणि खाली उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. वेगवेगळे वापरा, दोन्ही कामाचे आहेत. टँकरच्या पाण्याने नळावर चढलेला पांढरा थर व्हिनेगरने सुटतो. फ्रिजमधला वास सोडा ओढून घेतो. पितळेच्या तांब्याला चिंच पुरते, कारण चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं. गुढीवर पालथा घालायचा तांब्या आपल्या आज्या चिंच किंवा आमसूल लावून लख्ख करत होत्या, त्यामागे हे शास्त्रच होतं.

आता जे सांगतोय त्यात जिवाचा प्रश्न आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. संडास धुवायच्या बहुतेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. आपली न्हाणीघरं चार बाय पाचची, वर एक झडपांची खिडकी, तीही बऱ्याचदा बंद. आत एक बाई खाली वाकून फरशी घासत असते. एकाने डाग जात नाही तर दोन्ही ओतू, हा विचार तिथे मनात येतो. तो येऊ देऊ नका. अमोनिया असलेल्या काचेच्या द्रावणातही ब्लीच मिसळायचं नाही. घरकामाला येणाऱ्या ताईंच्या हातात दोन बाटल्या देऊन आपण बाहेरच्या खोलीत बसत असू, तर त्यांना हे समजावून सांगणं आपलं काम आहे. सांगा, खिडकी उघडा, आणि त्यातली एक बाटली घरातून काढूनच टाका.

कपड्यांचं झालं. घराचंही हेच आहे. वस्तू कशाची, कुणाची, कशासाठी, हे न विचारता ती उचलून दुसरीकडे ठेवणं याला आपण आवरणं म्हणतो. पाडवा आला की बाजारात झाकणवाल्या प्लास्टिकच्या डब्यांचे ढीग लागतात आणि आवरायच्या आधीच आपण ते घरी आणतो. मग पसारा डब्यांत जातो, डबे माळ्यावर जातात आणि घरात अडगळ होती तेवढीच राहते, फक्त तिला झाकण येतं. डबे शेवटी आणा. काय उरलं ते कळल्यावर, मोजून.

जपानच्या मारी कोंडो यांचं आवराआवरीवरचं पुस्तक २०११ साली आलं आणि जगभर खपलं. त्यातली एक गोष्ट मला पटलेली आहे: खोलीखोलीने आवरू नका, प्रकाराप्रकाराने आवरा. घरातले सगळे कपडे एका ठिकाणी काढा. सगळे टॉवेल, सगळ्या चादरी, पुस्तकं, औषधं. तेव्हाच कळतं की एकाच मापाचे पाच स्टीलचे डबे आपण चार कपाटांत सांभाळतोय आणि खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्यांची मुदत संपली आहे. तिसऱ्या मुलानंतर आपलं घर पूर्वीइतकं आवरलेलं नसतं, असं त्याच बाईंनी २०२३ साली मोकळेपणाने सांगितलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला तो तेव्हा. माणसं राहतात त्या घरात पसारा होणारच. अडगळ होऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.

माळा हा आपला मोठा शत्रू. टीव्ही गेला, त्याचा खोका आहे. मिक्सरची वॉरंटी संपली, थर्माकोल आहे. आहेरात आलेले काचेचे सेट कुणी उघडलेले नाहीत. आणि खालच्या कपाटात, घडी घालून ठेवलेले ओटीतले ब्लाउजपीस. हे ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. एका घरच्या हळदीकुंकवातून ते दुसऱ्या घरच्या मुंजीत जातात, तिथून तिसरीकडच्या बारशाला. मानाची गोष्ट आहे, मला तिचा अनादर करायचा नाही. पण ज्या कापडाचं काही होणार नाही हे देणारीला आणि घेणारीला दोघींना ठाऊक आहे, ते देण्यात मान कसला? महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्या ब्लाउजपीसांच्या पिशव्या शिवा आणि ओटीत त्या द्या. भाजी आणायला रोज हातात येतील.

जुने कपडे काढताना एक पथ्य पाळा. फाटके, पिवळे पडलेले, चेन तुटलेले कपडे ‘गरिबाला’ म्हणून बाजूला काढायचे नाहीत. ते पोतेऱ्यात. द्यायचं ते धुऊन, बटणं लावून द्यायचं, म्हणजे घेणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी घालून कामावर जाता आलं पाहिजे. बोहारीण दारात येते तेव्हा तिच्याकडे नीट बघा. पँट उचलते, चेन वरखाली करते, शिवणीत बोटं घालून कापड उजेडात धरते, साडीचा काठ दोन्ही बाजूंनी ओढून बघते. जी वस्तू आपण न बघता ढिगात टाकली तिची पारख ती अर्ध्या मिनिटात करते. तिच्याशी एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करू नका. हेच कपडे ती दुरुस्त करून पुन्हा बाजारात पोचवते, म्हणून ते कचऱ्यात जात नाहीत. बोहारीण येत नसेल तर गूंजसारख्या संस्था आहेत, गूंज तर १९९९ पासून हे काम करतेय. आणि विरलेल्या सुती साड्यांची गोधडी शिवणारं कुणी माहितीत असेल तर साड्या तिकडे न्या, शिलाई मोकळ्या हाताने द्या.

पैठणी मात्र प्लास्टिकच्या कव्हरातून बाहेर काढा, आजच. कव्हरात दमट हवा कोंडते आणि जर काळवंडते. मऊ सुती कापडात गुंडाळा. घडी दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर ती घडीवरच चिरते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. गुढीला कडुलिंबाचा डहाळा आणाल तेव्हा दोन डहाळ्या जास्त आणा, पाला सावलीत वाळवा आणि पुरचुंडी करून कपाटात ठेवा. धुवायचं रेशीम असेल तर रिठ्याच्या पाण्यात, पिळल्याशिवाय. जरीच्या साडीवर डाग पडला तर घरी काहीही करू नका, फक्त टिपा आणि जाणकाराकडे द्या. देताना डाग कशाचा ते सांगा.

पाण्याचं भान ठेवा. घर धुऊन काढायची हौस नेमकी चैत्राच्या तोंडावर येते, जेव्हा मराठवाड्यात टँकर सुरू झालेले असतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावं लागलं. या दिवसांत गाद्या, उशा, गोधड्या यांना ऊन दाखवणं, झटकणं, कोरड्या कुंचल्याने जाळ्या काढणं आणि शेवटी एकदा ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे. कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला वापरा.

आता राहिला मूळ प्रश्न. डाग कशाचा आहे, हे विचारायचं कुणाला?

आपल्या घरांत हा प्रश्न कपडे धुणारीला पडतो आणि ती तो कपड्याला विचारते. वास घेते, नख लावून बघते, कडेला पिवळेपणा आहे का पाहते, अंदाज करते. ज्याने डाग पाडला तो शर्ट काढून खुर्चीवर टाकतो आणि विसरतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकामात दिवसाला थोडा तरी हातभार लावणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. हातभार लावणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं त्यात गेली, पुरुषाची ९७. पुढची पाहणी २०२४ ची. बाई २८९ मिनिटं, पुरुष ८८. दोघांचीही मिनिटं कमी झाली, पण बाईच्या पदरात आजही पुरुषाच्या तिपटीहून जास्त काम आहे.

घरकाम, झाडू पुरुषाच्या हातात शोभत नाही असं महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडून काढत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून राज्याचं ग्रामस्वच्छता अभियान चालतं. फोटोला हार घालून ते नाव घ्यायचं आणि घरातला कपडे धुवायचा साबण कुठे ठेवतात ते विचारायचं, हे बरोबर नाही.

घरातल्या पुरुषांना आणि दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला माझं सांगणं आहे. पाडव्याआधीच्या रविवारी आपापले कपडे स्वतः बाहेर काढा. कॉलर, खिसा, बाही, मांडी उजेडात बघा. डाग कशाचा हे तुम्हाला माहीत आहे, कारण तो तुम्ही पाडलाय. तेव्हा तो तुम्हीच धुवा, आणि पुढच्या वेळी सांडलं की घरी येऊन लगेच सांगा.